पाण्याखालची खिडकी



ज्या शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा घातली, त्या शहरात बोलायला उभे राहताना आमच्यासारख्याला थोडा संकोच वाटतो. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या दाराशी आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. 'आम्ही' म्हणतो तेही मोठेपणाने नव्हे. युनियनच्या कामात तीस वर्षे गेली म्हणजे 'मी' हा शब्द तोंडात यायचाच थांबतो.

आजचा विषय ऐकून चिटणिसांनी आम्हांला दोनदा विचारले की, हे नक्की ना? पाण्यात पडून उलटलेल्या हेलिकॉप्टरातून माणसाने बाहेर कसे यावे, आणि ते त्याला कोणी, कोणाच्या खर्चाने शिकवावे, हा तो विषय. पुण्यात पाणी म्हटले म्हणजे ते नळाला कधी येणार एवढाच प्रश्न. समुद्र आपण पाहतो तो दिवेआगरला किंवा गणपतीपुळ्याला, दोन दिवसांच्या सहलीत, गुडघाभर. तेव्हा हा उद्योग मुंबईकरांसाठी ठेवावा, असे कोणाला वाटले तर नवल नाही.

पण थोडा विचार करा. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या रिगला तेल लागले. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, तिथून तेल निघू लागले. त्या तेलाला आणि वायूला पुणे परके नाही. आणि पुण्यातल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली कित्येक मुले आज त्या फलाटांवर नोकरीला आहेत. त्यांच्या आईबापांपैकी कोणी या सभागृहातही असतील. शिवाय तिथे नुसते इंजिनियर नसतात. रंगारी असतात, वेल्डर असतात, झाडूवाले असतात, भाकऱ्या बडवणारे आचारी असतात. पुष्कळसे कंत्राटी. आम्ही ज्यांच्यात काम करतो ते हेच लोक.

यांची पाळी साधारणपणे चौदा दिवस समुद्रावर आणि चौदा दिवस घरी. जाणे-येणे बव्हंशी हेलिकॉप्टरने, जुहूच्या तळावरून. आपण स्वारगेटला एस.टी.त बसावे तसे हे लोक जुहूला हेलिकॉप्टरात बसतात. फरक एवढाच की एस.टी. बंद पडली तर खाली रस्ता असतो.

हा फरक किती मोठा आहे हे तीन तारखा सांगतात. ११ ऑगस्ट २००३ रोजी तेलक्षेत्राच्या कामावरचे एक मोठे हेलिकॉप्टर मुंबईजवळ समुद्रात कोसळले आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले हेलिकॉप्टर थोड्याच वेळात नाहीसे झाले. सातच्या सात माणसे गेली, त्यांत पाच तेलक्षेत्रातले अधिकारी आणि दोन वैमानिक. आणि २८ जून २०२२ रोजी 'सागर किरण' या रिगपासून अवघ्या दीडएक किलोमीटरवर एक हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. त्यात नऊ जण होते. पाच वाचले, चार गेले.

या तिसऱ्या तारखेपाशी थांबू. पहिल्या दोन अपघातांबद्दल बोलताना माणूस हात जोडतो आणि गप्प बसतो. तिसऱ्यात मात्र एकाच यंत्रात, एकाच पाण्यात बसलेल्यांपैकी काही जगले आणि काही गेले. कोणाचे काय चुकले हे ठरवण्याचा आम्हांला अधिकार नाही, आणि गेलेल्या माणसाची परीक्षा घेण्याइतके आम्ही निर्लज्जही नाही. पण पाण्यात उतरल्यापासून मदतीची नाव येईपर्यंतच्या मिनिटांत माणसाच्या हातात काही असते की नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या डोक्यातून गेला नाही.

आता यंत्राची गोष्ट. हेलिकॉप्टरचे जड अवयव, म्हणजे इंजिने, दात्यांची मोठी पेटी आणि वर फिरणारी पाती, हे सारे माणसांच्या डोक्यावर असतात. खाली पोकळ डबा आणि वर ओझे. डोक्यावर तीन घागरी घेतलेली बाई ओट्यावरून पाय घसरून विहिरीत पडली तर आधी काय खाली जाईल? तसेच हे. समुद्रावरच्या हेलिकॉप्टरांना बाजूंना फुगे असतात. पाणी लागताच ते फुगतात आणि डबा तरंगता ठेवतात. समुद्र शांत असेल तर माणसे सरळ दार उघडून तराफ्यात उतरतात. पण लाट मोठी असली, किंवा एखादा फुगा फुगलाच नाही, की सारे यंत्र कुशीवर होते आणि उलटते. मग फुगे वर, डबा खाली, आणि माणसे पट्ट्याने बांधलेली, डोके खाली पाय वर, पाण्याने भरलेल्या खोलीत लटकलेली.

आमच्यापैकी पुष्कळांना वाटते की पोहता आले म्हणजे झाले. आम्हांलाही तसेच वाटत असे. आम्ही पोहायला शिकलो आजोळी, सासवडकडच्या एका विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, आणि मामाने मागून ढकलून द्यायचे, ही त्या काळची शिकवणी. चार दिवस नाकातोंडात पाणी गेले, पाचव्या दिवशी तरंगलो, आणि पुढच्या उन्हाळ्यात भोपळ्याशिवाय काठावरून मुटका मारू लागलो. त्या विद्येचा आम्हांला फार अभिमान होता. तो कसा उतरला ते आता सांगतो.

या सुटकेचे शिक्षण देण्याची रीत अशी. मोठा खोल तलाव असतो. त्यावर क्रेनला हेलिकॉप्टरच्या डब्याची हुबेहूब प्रतिकृती टांगलेली असते. खुर्च्या, पट्टे, खिडक्या, सारे खऱ्यासारखे. आपण तिला पाळणा म्हणू. शिकणाऱ्यांना आत बसवून पट्टे बांधतात. पाण्यात दोन्ही बाजूंना पाणबुडे उभे असतात. पहिल्या खेपेस पाळणा पाण्यावर टेकवतात आणि तुम्ही सरळ बाहेर पडता. दुसऱ्या खेपेस तो बुडवतात, पण सरळच. त्यानंतर बुडवून उलटा करतात. शेवटी खिडक्याही बसवतात, त्या तुम्ही ढकलून पाडायच्या. या विद्येचा आरंभ दुसऱ्या महायुद्धातला. विमानवाहू जहाजांवरून उडणारे अमेरिकन वैमानिक पाण्यात पडले की विमानासकट बुडत, म्हणून त्यांच्या नौदलाने रुळांवरून घसरून पाण्यात उलटणारी एक बैठक तयार केली. आता युद्ध नाही, पण पाणी तेच आहे.

शिकवतात ते काय? आमच्या लोकांना शिक्षकाचे इंग्रजी कळेना आणि हिंदी अर्धे कळे, म्हणून आम्ही त्याचे पाच मराठी शब्द केले: धर, थांब, ढकल, सोड, ओढ. ऐकायला सोपे आहेत. पण क्रम चुकला की माणूस गेला.

धर म्हणजे एका हाताने खिडकीची कड धर. पाणी लागण्यापूर्वीच धर आणि काही झाले तरी सोडू नकोस. उलटे टांगल्यावर माणसाला वर-खाली कळत नाही. कानाच्या आतला तोल गेलेला, नाकात पाणी चढलेले, डोळ्यांपुढे बुडबुडे आणि अंधार. त्या वेळी खिडकी कुठे आहे हे डोके सांगू शकत नाही, पण हात सांगतो. हात खिडकीवर असेल तर जग कितीही उलटे होवो, खिडकी हाताच्या टोकालाच असते.

थांब हा शब्द सर्वांत कठीण. डबा फिरत असतो, पाणी जोराने आत घुसत असते. त्या लोंढ्याविरुद्ध कोणी बाहेर पडू शकत नाही. डबा भरला, फिरणे थांबले, की आतले आणि बाहेरचे पाणी सारखे होते आणि वाट मोकळी होते. त्यासाठी काही क्षण दम कोंडून, लटकलेल्या अवस्थेत, काहीही न करता बसायचे. जीव वाचवायला काहीही न करणे, याहून उलटी आज्ञा माणसाला दुसरी देता येणार नाही.

मग ढकल. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे, जी आम्हांला पन्नाशीनंतर कळली. पट्टा बांधलेला असतानाच खिडकी ढकलायची. पट्टा तुम्हांला खुर्चीशी धरून ठेवतो म्हणून तुमच्या हाताला जोर असतो. पट्टा सोडून ढकलाल तर खिडकी जागच्या जागी राहील आणि तुम्हीच मागे जाल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे जो पट्टा फास वाटतो तोच आधार असतो. खिडकी गेली, कड हातात आली, की दुसऱ्या हाताने बक्कल सोड आणि त्या कडेला ओढून अंग बाहेर काढ. लाइफ जॅकेट फुगवायचे ते बाहेर आल्यावरच. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियाचे एक अपहरण केलेले विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरले, तेव्हा कित्येक प्रवाशांनी घाबरून जॅकेटे आतच फुगवली. पाणी भरताच ती त्यांना छताशी घेऊन गेली. ज्याने तरंगायचे त्यानेच बुडवले.

आता आमची फजिती. लोकांना जे करायला सांगतो ते स्वतः करून पाहावे म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या एका केंद्रात नाव नोंदवले. डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला आणि नाइलाजाने सही केली. आमच्या शेजारच्या खुर्चीवर जत तालुक्यातला एक आचारी होता. जतचा माणूस, पाणी त्याने पाहिले ते टँकरच्या नळीतून. पोहणे शून्य. तो इतका घाबरला होता की पाळणा हलण्यापूर्वीच त्याने खिडकीची कड अशी आवळली, की बोटे पांढरी पडली. आम्ही त्याला धीर देत होतो.

पाळणा बुडाला, फिरला. नाकात पाणी गेले मात्र, आणि आमच्या अंगातला विहिरीतला पोरगा जागा झाला. पाचही शब्द आम्हीच केलेले, पण एकही आठवला नाही. हात खिडकीवरून सुटला आणि थेट बक्कलावर गेला. पट्टा सुटला, अंग वर उचलले गेले, आणि आम्ही आमच्या समजुतीने पृष्ठभागाकडे पोहू लागलो. डोके आपटले ते डब्याच्या तळाला, जो आता वर होता. तिथे खिडकी नव्हती. काहीच नव्हते. त्या तीन-चार क्षणांत आम्हांला जे कळले ते कुठल्या वाचनालयात मिळणारे नव्हते. मग मानेमागे कोणी तरी धरले. तो पाणबुड्या होता.

वर आलो तेव्हा जतचा आचारी केव्हाच काठावर बसून डोळे पुशीत होता. खोकत खोकत आम्ही त्याला विचारले, तू कसा रे निघालास? तो म्हणाला, "आण्णा, तुम्ही पवायला गेलासा. मला कुठं पवता येतंय? म्हणून धरून बसलो."

या एका वाक्यासाठी आम्ही आज इथे उभे आहोत. ही विद्या हुशाराची नाही, धाडसी माणसाची नाही, पोहणाऱ्याची तर नाहीच. ती हाताला लागलेल्या सवयीची आहे. आणि सवय कागदावर लागत नाही. त्यासाठी माणसाला पाण्यात उलटे करावेच लागते, एकदा नव्हे, अनेकदा, आणि काही वर्षांनी पुन्हा. जगात बहुतेक ठिकाणी या प्रमाणपत्राची मुदत चार वर्षे असते. चार वर्षे पुष्कळ झाली असे आमचे मत आहे, पण तो वाद आज नको.

आता जे सांगायचे ते सांगायला जड जाते. बारा-एक वर्षांपूर्वी आम्ही एका कंत्राटदाराशी वेतनाचा करार करायला बसलो होतो. आमच्या मागण्यांत एक कलम होते: सुटकेच्या शिक्षणाची फी मालकाने भरावी, आणि त्या दिवसांची मजुरी द्यावी. रात्र झाली, बोलणी अडली. कंत्राटदार म्हणाला, महागाईत थोडी वाढ देतो, हे कलम सोडा. आम्ही बाहेर येऊन आपसांत दहा मिनिटे बोललो. वाढ दर महिन्याला हातात पडणार होती. कलम कधी तरी लागणार होते, कदाचित कधीच नाही. आम्ही ते सोडले. खाली कामगारांनी आमच्या गळ्यात हार घातले.

परिणाम काय झाला? शिक्षण म्हणजे दंड झाला. फीचे पैसे पगारातून कापले जाऊ लागले, तीन दिवसांची मजुरी बुडू लागली. घरी चौदा दिवसांच्या सुटीत शेतीची कामे असत, ती सोडून कोण जाणार? मग माणसे पळवाटा शोधू लागली, आणि पळवाट विकणारेही निघाले. एका रंगाऱ्याजवळ प्रमाणपत्र होते, शिक्का, फोटो, सारे रीतसर. आम्ही सहज विचारले, उलटे झाल्यावर खिडकी कोणत्या हाताने धरली होतीस? तो म्हणाला, "कोणती खिडकी?" तो पाण्याजवळ गेलाच नव्हता. त्याला रागावण्याचे आमच्यात बळ नव्हते. त्याच्या त्या कागदावर एक सही आमचीही होती, न दिसणारी.

२८ जून २०२२ ला दुपारी बातमी आली तेव्हा आमच्या कचेरीतले दोन्ही फोन रात्रीपर्यंत थांबले नाहीत. त्या नऊ जणांत आमच्या युनियनचा कोणी नव्हता. पण तोच रंगारी त्याच आठवड्यात जुहूहून उडणार होता, आणि त्याची बायको फोनवर एकच विचारीत होती, "त्यांना ते पाण्यातलं येतं ना?" आम्ही 'हो' म्हणालो. खोटे बोललो.

इथे कोणी म्हणेल की सारा भार कामगाराच्या हातावर टाकला, यंत्राचे काय? प्रश्न रास्त आहे. जे यंत्र दगडासारखे आदळते त्यातून 'धर' आणि 'थांब' कोणाला वाचवीत नाही. १२ मार्च २००९ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ दात्यांच्या पेटीतले तेल गळून एक हेलिकॉप्टर कोसळले. अठरांपैकी एकच वाचला. ती पेटी तपासणे हे प्रवाशाचे काम नव्हे. फुगे, पेटी, हवामान, उडू नये अशा दिवशी न उडणे, हे सारे मालकाच्या आणि सरकारच्या पदरात आहे. शिक्षण हा त्याला पर्याय म्हणून पुढे केला तर आमचा त्याला विरोधच राहील. आणि हवामानापुढे यंत्राचे काय चालते, तेही आपण पाहिले आहे. २७ जुलै २००५, म्हणजे मुंबईच्या महापुराचा दुसरा दिवस. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटे कापली. पावसामुळे हेलिकॉप्टरे जमिनीवर अडकलेली. म्हणून त्याला उपचारासाठी बॉम्बे हायच्या उत्तर फलाटावर नेले. त्या प्रयत्नात जहाज फलाटाच्या वायुनळीवर आदळले, आग लागली, आणि दोनएक तासांत फलाट नाहीसा झाला. बावीस माणसे गेली. साडेतीनशेहून अधिक वाचवली.

दुसऱ्या देशांत अपघातानंतर काय घडते हे पाहण्यासारखे आहे. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंडजवळ सत्तेचाळीसांपैकी पंचेचाळीस माणसे समुद्रात गेली. २३ ऑगस्ट २०१३ रोजी त्याच बेटांजवळ दुसरे हेलिकॉप्टर पडून उलटले. अठरांपैकी चौदा वाचले, चार गेले. त्यानंतर तिथल्या विमान-वाहतूक खात्याने नियम केला, की प्रत्येक प्रवाशाजवळ पाण्याखाली काही श्वास घेता येतील असे छोटे साधन असावे. तिथले पाणी इतके थंड, की अंगाला लागताच श्वास आपोआप ओढला जातो आणि दम धरताच येत नाही. आपला अरबी समुद्र कोमट आहे, एवढे आपले भाग्य. आणखी एक नियम गमतीचा वाटेल: ज्याचे खांदे रुंद त्याने मोठ्या खिडकीशीच बसावे. खांदे मोजतात, शिंप्यासारखी टेप लावून. आमच्या कोल्हापूरकडच्या काही पैलवान वेल्डरांची आम्हांला तेव्हापासून काळजी लागली आहे.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. गोव्यात बेतूल येथे तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाची सुरक्षा-संस्था १९८९ पासून आहे, आणि तिथेच ६ फेब्रुवारी २०२४ रोजी समुद्रावरील बचावाच्या शिक्षणाचे नवे केंद्र सुरू झाले. वर्षाला दहा ते पंधरा हजार माणसे तिथे शिकतील असे त्या वेळी जाहीर केले. वादळ, लाटा, अंधार, हे सारे तिथे कृत्रिम रीतीने उभे करतात. पाळणा आहे, पाणी आहे. जतच्या आचाऱ्याने बेतूलला जायचे तिकीट कोणी काढावे आणि त्या दिवसांची भाकरी कोणी द्यावी, एवढेच उरते. महामंडळाच्या स्वतःच्या नोकराला हा प्रश्न पडत नाही. कंत्राटदाराच्या नोकराला पडतो. पाण्याखाली मात्र दोघांची खुर्ची एकाच मापाची असते.

आमच्या त्या फजितीचा शेवट राहिला. त्याच दिवशी शिक्षकाने आम्हांला पुन्हा बसवले. जतचा आचारी या वेळी आमच्या समोर होता. पाळणा फिरला, नाकात पाणी गेले, आणि आम्ही काहीही केले नाही. खिडकीची कड हातात होती. आयुष्यात इतका लांब क्षण आम्ही पाहिला नाही. मग ढकलली, बक्कल सोडले, ओढले, आणि उजेड आला. पाणबुड्याने अंगठा वर केला आणि पुन्हा खुर्चीकडे बोट दाखवले. अजून तीन खेपा बाकी होत्या.

गेल्या हिवाळ्यात त्याच कंत्राटदाराशी नवी बोलणी सुरू झाली. फी मालकाची, मजुरी भरपगारी, प्रमाणपत्र दाखवणारा माणूस खरोखर पाण्यात गेला होता की नाही हे तपासायला युनियनचा एक प्रतिनिधी, असे ते कलम आम्ही पहिल्या पानावर घातले आहे. महागाईची मागणी दुसऱ्या पानावर गेली, म्हणून आमचेच काही सभासद आमच्यावर रुष्ट आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असेही नाही. तीन बैठका झाल्या, सही झालेली नाही. चौथी बैठक येत्या सोमवारी आहे. आम्ही उद्या पहाटेच्या गाडीने मुंबईला जात आहोत; बरोबर तो रंगारी आहे. त्याने नुकतीच पाचही शब्दांची परीक्षा दिली, स्वतःच्या खर्चाने, आणि बैठकीत तोच बोलणार आहे.